पहिल्यांदाच उत्सव कमिटीत आलात? सोसायटीचा गणेशोत्सव कमीत कमी कचऱ्यात कसा करायचा

उत्सव कमिटीत नाव आलं की सोसायटीच्या ग्रुपवरचा पहिला विषय ठरलेला असतो: मूर्ती शाडूची की पीओपीची. विषय महत्त्वाचा आहेच, पण त्या वादात सगळा जोर निघून जातो आणि बाकीचा उत्सव जुन्याच पद्धतीने पार पडतो. पुण्यातल्या आमच्या सोसायटीत हे काम मी काही वर्षं पाहतेय. अनंत चतुर्दशीनंतर गेटपाशी जो ढीग साठायचा, त्यात सगळ्यात जास्त काय असायचं? महाप्रसादाच्या एका संध्याकाळच्या डिशेस, ग्लास, पाण्याच्या बाटल्या आणि पानात टाकलेलं अन्न. त्याखालोखाल सजावट, मग निर्माल्य. म्हणून या लेखात मूर्तीपेक्षा जेवणावर जास्त लिहिलंय.

सगळा अंदाज शंभर-दीडशे फ्लॅटची सोसायटी आणि पाच ते दहा दिवसांचा गणपती धरून दिला आहे. दाखले पुण्याचे आहेत. तुम्ही ठाण्यात, नाशकात किंवा पणजीत असाल तर तिथल्या पालिकेचे नियम तेवढे पाहून घ्या.

१. जूनमध्येच कामाला लागा

गणपतीच्या आधी पंधरा दिवस ठरवायला बसलात तर बाजारात जे तयार असेल तेच घ्यावं लागतं, आणि तयार असतं ते सगळं फेकायचंच. शाडूची मूर्ती हवी असेल तर जून-जुलैमध्ये मूर्तिकाराकडे नोंदवायला लागते. स्टीलची ताटं भाड्याने देणाऱ्यांकडे त्या दहा दिवसांत रांग असते, त्यामुळे ती किमान सहा आठवडे आधी सांगून ठेवा. आचारी त्याच सुमारास.

कमिटीत कामं वाटताना एक गोष्ट पक्की करा: खरेदी जो बघतो, कचराही त्यानेच बघायचा. ही दोन कामं वेगवेगळ्या माणसांकडे गेली की खरेदीवाला स्वस्त डिश आणून मोकळा होतो आणि कचऱ्याचं काम बघणारा रात्री अकराला पिशव्या बांधत बसतो.

आणि सर्वसाधारण सभेत एक ओळीचा ठराव करून घ्या: उत्सव निधीतून एकदा वापरून फेकायची कोणतीही वस्तू घेतली जाणार नाही. इतिवृत्तात नोंदवा. आयत्या वेळी कोणीतरी उत्साहाने पाचशे कागदी डिश घेऊन येतं, तेव्हा वाद न घालता हा ठराव दाखवता येतो.

ठरावाआधी आणखी एका व्यक्तीशी बोला: रोज कचरा न्यायला येणारी ताई. पुण्यात बऱ्याच सोसायट्यांमध्ये 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेच्या सेविका येतात. कुठला पुठ्ठा भंगारात जातो, कुठला जात नाही, तेलकट झालेल्या कागदाचं काय होतं, हे त्यांच्याइतकं कोणालाच माहीत नसतं. तुम्ही "रिसायकल होतं" म्हणून आणलेल्या निम्म्या वस्तू त्या बघताक्षणी बाजूला काढतील.

२. कागदपत्रं आणि परवानग्या

हे सगळं एका फाइलमध्ये ठेवा आणि एक संच मंडपात राहू द्या:

- सोसायटीचा ठराव आणि कमिटी सदस्यांची नावं
- ध्वनिक्षेपकासाठी पोलीस ठाण्याची परवानगी
- मंडप आवाराबाहेर, रस्त्यावर किंवा फुटपाथवर येणार असेल तर महापालिकेची आणि वाहतूक पोलिसांची परवानगी
- शंभरावर माणसं जमणार असतील तर पालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयाला आगाऊ पत्र
- सोसायटीबाहेरच्या लोकांकडून, दुकानदारांकडून वर्गणी घेणार असाल तर धर्मादाय कार्यालयाची कलम ४१ क खालची परवानगी
- रोषणाईचा भार सोसायटीच्या मीटरला झेपणार नसेल तर महावितरणची तात्पुरती जोडणी
- आचाऱ्याच्या अन्न सुरक्षा नोंदणीची प्रत

शंभर माणसांची अट फार कमी जणांना माहीत असते. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांत ती आली: कार्यक्रमांचा परवाना नसलेल्या जागी शंभराहून जास्त लोकांचा कार्यक्रम असेल तर कामकाजाचे तीन दिवस आधी स्थानिक संस्थेला कळवायचं आणि कचरा जागेवरच वेगळा करून द्यायचा. पत्र साधं असतं. त्याचा फायदा असा की महाप्रसादाच्या दुसऱ्या दिवशी ओला कचरा उचलायला गाडी लवकर पाठवा, असं त्याच पत्रात लिहिता येतं.

३. मूर्ती

पीओपी म्हणजे भाजलेलं जिप्सम. पाण्यात कालवलं की ते पुन्हा घट्ट होतं, आणि घट्ट झालेलं जिप्सम पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. शाडू ही माती. सुकलेली शाडू पाण्यात पडली की आपोआप सुटत जाते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने मे २०२० मध्ये विसर्जनाच्या सुधारित मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात पीओपीला नकार आहे. पुढे जून २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने पीओपी मूर्ती बनवायला मुभा दिली, पण नैसर्गिक पाण्यात त्या सोडायला नाही. दरवर्षी यात काही ना काही बदलतं, तेव्हा आपल्या पालिकेचं त्या वर्षीचं परिपत्रक वाचूनच मूर्ती नोंदवा.

माझं मत विचाराल तर सोसायटीसाठी उत्तम व्यवस्था दोन मूर्तींची: एक धातूची किंवा लाकडाची, कायमची, वर्षभर कपाटात जपून ठेवायची, आणि पूजेसाठी वीतभर शाडूची, जिचं विसर्जन होतं. पुण्यातल्या अनेक जुन्या मंडळांची मोठी मूर्ती अशीच कायमची असते. मखरात भव्यता हवी असते ती मिळते आणि विसर्जनाचा प्रश्न बादलीएवढा होतो.

मूर्ती घेताना इथे फसवणूक होते:

- शाडू म्हणून पीओपी विकली जाते. मूर्ती उलटी करून रंग न लागलेला तळ बघा. पीओपी पांढरीशुभ्र, गुळगुळीत आणि बहुधा पोकळ असते. शाडू मळकट, करडी आणि हाताला जड. तळावर पाण्याचा थेंब टाकून बोट फिरवा. शाडूचा चिखल बोटाला लागतो, पीओपीवर पाणी नुसतं मुरतं. पावतीवर 'शाडू माती' असं लिहून घ्या.
- रंग तैलरंग निघतो. गेरू, हळद, मुलतानी माती किंवा पाण्यात सुटणारे रंग मागा. सोनेरी चमकी आणि चिकटवलेले खडे नकोत. दागिने, फेटा, शेला वेगळे आणि काढता येण्याजोगे असू द्या.
- उंचीचा हट्ट. दोन-अडीच फुटांपुढे शाडूची मूर्ती फार जड होते, तडे जातात आणि उचलताना हात निखळतात.

४. सजावट

थर्माकोल विसरा. महाराष्ट्रात २०१८ पासून प्लॅस्टिक आणि थर्माकोलच्या एकदा वापरायच्या वस्तूंवर बंदी आहे. दंड पहिल्यांदा ५,०००, दुसऱ्यांदा १०,००० आणि तिसऱ्यांदा २५,००० रुपये व तीन महिन्यांपर्यंत कैद. १ जुलै २०२२ पासून देशभर जी बंदी आली तिच्यात सजावटीचं थर्माकोल, प्लॅस्टिकचे झेंडे, फुग्यांच्या प्लॅस्टिक काड्या आणि १०० मायक्रॉनपेक्षा पातळ पीव्हीसी फलक आहेत.

साड्यांचं मखर हे आमच्याकडे सगळ्यात यशस्वी ठरलं. घराघरांतून पैठणी, इरकल, नारायणपेठ गोळा करायच्या, प्रत्येकीच्या आतल्या बाजूला फ्लॅट नंबरची चिठ्ठी सेफ्टी पिनने लावायची आणि बांबूच्या चौकटीवर नाडीने बांधायच्या. स्टेपलर मंडपात आणूच देऊ नका. समई आणि निरांजनापासून कापड किमान हातभर लांब, आणि जवळ वाळूची बादली.

कापडी फलक करून घ्याल त्यावर साल टाकू नका. 'गणेशोत्सव' आणि सोसायटीचं नाव, बस्स. साल वेगळ्या पट्टीवर लिहून टाचता येतं. असा फलक वर्षानुवर्षं चालतो.

फुलवाल्याशी बोलताना एक गोष्ट विचारायची राहून जाते: फुलं कशात खोचणार? तो जो हिरवा, दाबला की भुगा होणारा स्पंज वापरतो, तो प्लॅस्टिकचाच प्रकार आहे आणि खतात कधीच मिसळत नाही. त्याऐवजी केळीच्या खुंटाचे तुकडे आडवे ठेवून त्यात देठ खोचायला सांगा. खुंटात पाणी असल्याने फुलं टिकतात आणि शेवटी चिरून सगळं खताच्या खड्ड्यात जातं.

मुलांच्या स्पर्धांची बक्षिसं याच भागात येतात. प्लॅस्टिकच्या ट्रॉफ्या आणि चकचकीत वेष्टणं टाळा. पुस्तकं द्या, रंगपेटी द्या, जुन्या वर्तमानपत्रात बांधून द्या.

५. महाप्रसाद

इथे सावकाश वाचा.

*आकडा आधी, मेनू नंतर.* आठ दिवस आधी फ्लॅटनिहाय विचारणा करा: किती मोठे, किती लहान, कितव्या पंगतीला. ग्रुपवर फॉर्म टाकलात तरी जे उत्तर देत नाहीत त्यांच्या दारावर जा. "बहुतेक येऊ" याला उत्तर मानू नका. आचारी स्वतःहून आकड्यावर थोडं वाढवून करतोच, तुम्हीही वर भर घातलीत तर ती भर उरते. आचाऱ्याला विचारा, "मामा, तुम्ही किती वाढवून धरता?" आणि त्याप्रमाणे खरा आकडा सांगा.

*मेनू आटोपशीर.* मसालेभात, पुरी, बटाट्याची भाजी, मटकीची उसळ, कोशिंबीर, शिरा किंवा जिलबी, मठ्ठा. इतकं पुरतं. सात भाज्या आणि तीन गोड केलं की लोक सगळं थोडं थोडं घेतात आणि पानात टाकतात. पुरी असेल तर एक किलो तांदूळ दहा-बारा जणांना होतो, त्यापेक्षा जास्त भिजत घालू देऊ नका. मसालेभाताचं दुसरं पातेलं पहिली पंगत उठल्यावर चढवायला सांगा. आचारी कुरकुर करेल, कारण त्याला सगळं एकदम उरकायचं असतं. तरी धरून बसा. अन्न वाचवायचा याहून मोठा उपाय मला सापडलेला नाही.

*पंगत की बुफे?* पंगत. बुफेत माणूस भुकेच्या अंदाजाने ताट भरतो आणि रांग लांब दिसली की एकदम दोन वेळचं घेतो. पंगतीत वाढपी दर पाच मिनिटांनी फिरतो. सोसायटीतल्या कॉलेजच्या मुलामुलींना वाढायला उभं करा आणि त्यांना आधी शिकवा: पहिल्यांदा अर्धी पळी, मग परत फेरी. लहान मुलांच्या पानात विचारल्याशिवाय काही पडू द्यायचं नाही. आजी-आजोबांसाठी एका बाजूला टेबलं लावा, खाली बसता येत नाही म्हणून बुफे हवा, हा मुद्दा मग राहत नाही.

*ताटं.* तीनशे माणसं आणि सत्तरची पंगत असेल तर दीडशे ताट-वाट्या-पेले पुरतात, कारण एक पंगत जेवत असताना आधीची भांडी धुऊन निघतात. मंगल कार्यालयं आणि मंडपवाले भाड्याने देतात. परत करताना मोजणीवरून वाद होतात, म्हणून घेताना त्यांच्यासमोर मोजा, वाकलेली-चेपलेली वेगळी लिहून घ्या.

धुण्याची जागा आधी ठरवा. तिथे नळ, सांडपाण्याची मोरी आणि चांगला उजेड हवा. मांडणी अशी:

- उष्टं खरवडून टाकायची झाकणाची बादली. जेवणाराने स्वतः ताट इथे रिकामं करायचं
- पहिलं टब: कोमट पाणी, भिजवायला
- दुसरं टब: साबण
- तिसरं टब: स्वच्छ पाणी, दर पंगतीनंतर बदलायचं
- निथळायला जाळी किंवा उलट्या टोपल्या

उष्टं आधी खरवडलं गेलं तर पाणी निम्म्यावर येतं, म्हणून त्या बादलीपाशी एक माणूस उभा ठेवा. मोरीच्या तोंडाशी चाळणी लावा. साबणाचं पाणी झाडांना घालू नका.

भांडी घासायला ज्या मावशी येतील त्यांना ठरलेली मजुरी त्याच रात्री द्या. बसायला पाट, हातमोजे, आणि जेवण पहिल्या पंगतीच्या वेळेला, गरम. सगळ्यांचं उरकल्यावर उरलंसुरलं त्यांच्यापुढे ठेवायची पद्धत अनेक ठिकाणी आहे. ती तुमच्या सोसायटीत चालू देऊ नका. ताटांचं भाडं आणि ही मजुरी मिळून खर्च फेकायच्या चांगल्या डिशेसच्या आसपासच येतो, हे हिशेबाच्या सभेत आवर्जून सांगा.

*स्टील अजिबात जमत नसेल तर* पळसाच्या पानांच्या, चोयांनी टाचलेल्या पत्रावळी किंवा सुपारीच्या झावळीच्या डिश घ्या. 'पेपर प्लेट' आणि 'पेपर कप' घेऊ नका. ते ओले होत नाहीत, कारण आतून प्लॅस्टिकचा पातळ थर असतो. एक कप फाडून गरम पाण्यात भिजत ठेवा, कागद सुटून येतो आणि हातात पारदर्शक पापुद्रा राहतो. अशा थराच्या डिश-कपांवर राज्याने २०२२ मध्ये बंदी आणली आहे. दुकानदार 'बायोडिग्रेडेबल' म्हणून ज्या पिशव्या दाखवतो त्यांच्यावर प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रमाणपत्राचा क्रमांक आणि आयएस १७०८८ हा उल्लेख आहे का ते बघा. असला तरी त्या मोठ्या प्रकल्पातल्या उष्णतेत कुजतात, तुमच्या खड्ड्यात महिनोन्महिने तशाच राहतात.

*पाणी.* छोट्या बाटल्या नकोत. नळ असलेली स्टीलची पिंपं, शेजारी पेले. पिंप झाडाच्या सावलीत, आणि खाली पाणी सांडतं तिथे परात.

*उरलेलं अन्न.* न वाढलेलं अन्न एका स्वच्छ पातेल्यात झाकून वेगळं ठेवा. अन्न गोळा करून गरजूंपर्यंत पोचवणारे स्वयंसेवकांचे गट पुण्या-मुंबईत आहेत. रॉबिन हूड आर्मी त्यातला एक. त्यांना आधीच्या दिवशी फोन करा. रात्री साडेदहाला शोधाशोध सुरू केली तर कोणी येऊ शकत नाही. भाद्रपदातली दमट हवा लक्षात घ्या: दोन तास बाहेर राहिलेला भात देऊ नका. मठ्ठा, कोशिंबीर, दह्याचं काहीही देऊ नका. पुरी, कोरडी भाजी, जिलबी आरामात जातात.

*उष्टं आणि साली.* सोसायटीत खताचा खड्डा किंवा मशीन असेल तर त्या दिवशी रोजच्या कितीतरी पट ओला कचरा येणार हे माळीदादांना आठवडाभर आधी सांगा. सुका पालापाचोळा किंवा लाकडाचा भुसा पोत्यांनी साठवून ठेवा. ओल्या कचऱ्याचा एक थर, त्यावर तेवढाच सुका. तेलकट, रश्शाचं सगळं एकदम टाकलं की वास सुटतो, आणि एकदा वास आला की पुढच्या वर्षी खताचं नाव कोणी काढू देत नाही.

६. रोजची पूजा, पत्री आणि निर्माल्य

बाजारात पत्रीच्या नावाखाली ओरबाडलेल्या फांद्यांचा गठ्ठा मिळतो. त्यातली बरीचशी पानं एकवीस पत्रींपैकी नसतातही. आवारातच शोधा: दूर्वा, तुळस, माका, आघाडा, डाळिंब, बेल, जाई, कण्हेर. दोन-दोन पानं पुरतात. गोळा करायला मुलांना न्या, झाडांची ओळख होते. धोतरा आणि कण्हेर विषारी आहेत, ते मोठ्यांनीच तोडावेत आणि हात धुवावेत.

हार सुती दोऱ्यात ओवलेले मागा. जरीच्या, प्लॅस्टिकच्या मण्यांच्या वेण्या आणि जिलेटीनमध्ये गुंडाळलेले गुच्छ नकोत. भेटायला येणाऱ्यांना सांगून ठेवा की हाराऐवजी एक फूल किंवा जुडीभर दूर्वा आणा.

खिरापत हातावर द्यावी, तशीच रीत आहे. शिरा किंवा उकडीचे मोदक असतील तेव्हा लोकांना घरची वाटी आणायला सांगा. दोन दिवस विसरतात, तिसऱ्या दिवसापासून आणतात.

निर्माल्यासाठी मखरामागे झाकण नसलेली बांबूची टोपली ठेवा. प्लॅस्टिकच्या पिशवीत फुलं एका रात्रीत सडतात. रोज रात्रीच्या आरतीनंतर एका माणसाने दोरे, पिना, रबर, कापूर-उदबत्तीची पाकिटं वेगळी करायची आणि फुलं-पानं हाताने मोकळी करून खड्ड्यात, पालापाचोळ्याच्या थराखाली घालायची. वर थोडं आंबट ताक शिंपडलं तर कुजायला मदत होते. दीड-दोन महिन्यांत काळं, भुसभुशीत, मातीच्या वासाचं खत तयार होतं. नारळाच्या करवंट्या आणि शेंड्या वेगळ्या ठेवा, त्या लवकर कुजत नाहीत. शेंड्या कुंड्यांत झाडांच्या बुंध्याशी पसरता येतात.

७. आवाज आणि दिवे

२००० च्या ध्वनी नियमांप्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद. ज्या दिवशी बारापर्यंत सूट असते त्यांची यादी प्रशासन जाहीर करतं. एका मोठ्या स्पीकरऐवजी दोन लहान, मंडपाच्या आत तोंड करून लावा. मोबाइलवरचं मीटर अगदी अचूक नसतं, पण सगळ्यात जवळच्या फ्लॅटच्या खिडकीतून अंदाज घ्यायला पुरतं. तिथे तान्हं बाळ किंवा आजारी माणूस असेल तर आरतीची वेळ त्यांना विचारून ठरवा.

रोषणाई एलईडी माळांची, भाड्याने. टाइमर लावून अकराला बंद. डिझेल जनरेटर नको.

८. विसर्जन

आवारातच विसर्जन करायचं ज्येष्ठांना पटलं नाही तर शेवटच्या दिवशी मूर्ती नदीवर जाते. म्हणून गणपती बसायच्या आधीच पूजा सांगणाऱ्या गुरुजींना बोलवा आणि सगळ्यांसमोर विचारा, "गुरुजी, आवारातल्या हौदात विसर्जन केलं तर चालेल ना?" उत्तरपूजा झाल्यावर स्वच्छ पाण्यात विसर्जन करावं, हे त्यांच्या तोंडून ऐकलं की आजोबा मंडळींची हरकत बहुतेक मावळते. हौद फुलांनी सजवा, मिरवणूक आवारात दोन फेऱ्या काढा, लेझीम होऊ द्या. निरोप थाटात झाला पाहिजे.

वीतभर मूर्तीला मोठी बादली, दोन फुटांच्या मूर्तीला दोनशे लिटरचं रुंद तोंडाचं पिंप. पाणी मूर्तीच्या डोक्यावर चार बोटं असावं. फुलं, वस्त्रं, जानवं आधी काढून घ्या.

मूर्ती पूर्ण सुकलेली असेल तर पाण्यात ठेवताच बारीक बुडबुडे वर यायला लागतात. आधी बोटं आणि कानांच्या कडा मऊ होतात, सोंड खाली झुकते, मग खांद्यावरून मातीचे पापुद्रे सुटतात. लहान मूर्ती काही तासांत बसते, मोठीला एक-दोन दिवस लागतात. मध्ये ढवळू नका. लहान मुलं पाहायला थांबतात आणि प्रश्न विचारतात. उत्तरं द्यायला कोणीतरी तिथे असावं.

पुढचं काम बहुतेक ठिकाणी अर्धवट राहतं:

- गाळ मोरीत ओतू नका. शाडू अतिशय बारीक असते, पाइपात बसली की निघत नाही.
- पाणी दोन दिवस स्थिर ठेवा. वरचं निवळ पाणी मगाने काढून झाडांना घाला. रंग नैसर्गिक नसतील तर झाडांना घालू नका, हौदाचं सगळं पालिकेच्या संकलन केंद्राकडे सोपवा.
- खालचा गाळ जुन्या सुती धोतरात बांधून टांगा, निथळला की सावलीत सुकवा.
- सुकी माती मूर्तिकाराला परत द्या. पुण्यात 'पुनरावर्तन' मोहिमेत ती गोळा केली जाते. शाडू बाहेरून, बरीचशी गुजरातेतून आणावी लागते, आणि तीच माती पुन्हा मळून मूर्ती होते. थोडी मुलांच्या पुढच्या कार्यशाळेसाठी ठेवा.

कोणाच्या घरी पीओपीची मूर्ती असेलच तर भांडू नका. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने अमोनियम बायकार्बोनेटच्या द्रावणात पीओपी विरघळवायची पद्धत सुचवली आहे, आणि महापालिकेने ते रसायन नागरिकांना मोफत वाटलंही आहे. प्रमाण पाकिटावरच्या सूचनेप्रमाणे घ्या. अमोनियाचा उग्र वास येतो, तेव्हा बादली उघड्यावर ठेवा, हातमोजे घाला, मुलांना लांब ठेवा. तेही जमत नसेल तर मूर्ती पालिकेच्या संकलन केंद्रावर द्या.

९. मोजमाप आणि फाइल

साधा लटकवायचा काटा आणा. महाप्रसादाच्या रात्री उष्टं, सुका कचरा आणि वेगळं ठेवलेलं चांगलं अन्न, तिन्ही वजनं करून लिहून ठेवा. किती माणसं जेवली तेही. फाइलमध्ये आणखी हे जाऊ द्या: कुठल्या पदार्थाचं किती उरलं, ताटं कोणाकडून घेतली आणि किती कमी भरली, भाडं, मजुरी, मूर्तिकाराचा आणि आचाऱ्याचा नंबर, कुठली परवानगी किती दिवसांत आली, पिंपं आणि बांबू कुठे ठेवलेत, कोणाची साडी परत द्यायची राहिली. दसऱ्याआधी हिशेबाची सभा लावा, लोकांच्या डोक्यात सगळं ताजं असतं. त्याच सभेत पुढच्या वर्षीचा खरेदी बघणारा माणूस निवडून फाइल त्याच्या हाती द्या.